मेदिना मिसचा उलटा प्रश्न

"मिस, तुम्ही आणि ऑर्तेगा सर खरंच नवरा-बायको आहात का?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि नववी-बच्या वर्गातल्या सगळ्या माना एकदम फळ्याकडे वळल्या.

रुचा पेठकर उभीच राहिली. मागच्या बाकावर जुलेखा टायचं टोक तोंडात कोंबून हसू दाबत होती आणि सुमैय्या पेन पडल्याचं नाटक करून बाकाखाली गायब झाली होती. पैज या दोघींनीच लावली होती. विषय दोन महिने शाळेत घोळत होता. स्पॅनिश शिकवणाऱ्या मिसचं आडनाव मेदिना, फुटबॉल शिकवणाऱ्या सरांचं ऑर्तेगा, दोघं रोज एकाच गाडीतून उतरतात, आणि केजीतल्या त्यांच्या लिओच्या डब्यावर लिहिलेलं असतं, 'लिओ ऑर्तेगा मेदिना'. जुलेखाचं म्हणणं, घटस्फोट झालाय पण गाडी एकच आहे. सुमैय्याचं म्हणणं, लग्नच झालेलं नाही. हे ती इतक्या हळू आवाजात म्हणायची की ते लगेच खरं वाटायचं.

"तू विचार ना," जुलेखा म्हणाली होती. ती मूळची रत्नागिरीची, रुचाशी मराठीतच बोलायची. "डिबेटवाली झालीस ना आता? का तेवढ्यापुरतीच?"

गेल्या वर्षीपर्यंत रुचाला वर्गात हजेरीपुरताच आवाज होता. यंदा ती डिबेटच्या टीममध्ये आली, दातांची तार निघाली, आणि आपल्याला बोलता येतं हा शोध तिला एवढा आवडला की ती कुठेही, कशावरही बोलायला लागली. अशा मुलीला 'का तेवढ्यापुरतीच' म्हणणं म्हणजे संपलंच.

मेदिना मिस रागावल्या नाहीत. उलट टेबलाला टेकून मनापासून हसल्या.

"नवरा-बायकोच आहोत. नऊ वर्षं झाली," त्या म्हणाल्या. मग त्यांनी फळ्यावर आपलं पूर्ण नाव लिहिलं. इनेस मेदिना रोब्लेस. "आमच्याकडे लग्न झालं म्हणून बाई आडनाव बदलत नाही. प्रत्येकाला दोन आडनावं असतात. मेदिना माझ्या बाबांचं, रोब्लेस माझ्या आईचं. लिओला एक सरांचं, एक माझं. एवढंच आहे. तुमची पैज किती चॉकलेटांची होती?"

बाकाखालून सुमैय्याचा आवाज आला, "दोन, मिस."

"मिस, पण मदीना म्हणजे अरबीत शहर," जुलेखा म्हणाली. शारजात पहिलीपासून अरबी शिकलेल्या पोरांना एवढं येतंच.

"बरोब्बर! इथे टॅक्सीवालेसुद्धा मला विचारतात, तू सौदीची का म्हणून. स्पेनमध्ये काही शतकं अरबांचं राज्य होतं. तेव्हा जी गावं वसली त्यातल्या बऱ्याच गावांचं नाव मेदिना. आणि त्या गावाहून दुसरीकडे गेला तो माणूस मेदिना." मिस रुचाकडे वळल्या. "आता तुझं सांग. तुझं पूर्ण नाव काय?"

"रुचा सुरेश पेठकर."

"वा. म्हणजे सुरेश हे आईचं आडनाव."

वर्गातली चार-पाच मराठी आणि गुजराती पोरं फिस्सकन हसली.

"नाही मिस, सुरेश माझे बाबा."

"अच्छा. मग पेठकर आईचं."

"नाही मिस. तेही बाबांचंच."

मिसनी भुवया वर केल्या. "मग आई कुठे आहे?"

"ती... ती फार्मसीत असते, मिस."

अख्खा वर्ग फुटला. सुमैय्या हसता हसता खरंच बाकाला आपटली. मिसही हसल्या, पण हात वर करून त्यांनी वर्ग शांत केला आणि पुन्हा विचारलं, "नावात, रुचा. तुझ्या नावात तुझी आई कुठे आहे?"

शाळेच्या डिबेट टीमच्या दुसऱ्या स्पीकरने आपली तिन्ही नावं बोटांवर मोजून पाहिली.

"कुठेच नाही," ती शेवटी म्हणाली आणि खाली बसली.

गुरुवारपर्यंत प्रत्येकाने एका आडनावावर बोलायचं ठरलं. ते आलं कुठून, त्याचा अर्थ काय, ते किती जणांचं आहे. रुचाला दोन मिळाली, मेदिना आणि तिचं स्वतःचं. "आणि आईचंही," मिस म्हणाल्या. "ते मला ऐकायचंय."

हे सगळं एक वेळ विसरता आलं असतं. पण त्याच दिवशी शेवटच्या तासाला क्लास टीचरनी बोर्डाच्या रजिस्ट्रेशनचे फॉर्म वाटले. पुढच्या सोमवारपर्यंत आई-वडिलांच्या सहीसकट परत. "नीट वाचा," टीचर म्हणाल्या, "इथे जे नाव जाईल तेच दहावीला, तेच बारावीला, तेच जन्मभर. नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही."

बसमध्ये रुचाने तो फॉर्म मांडीवर ठेवला. विद्यार्थ्याचं नाव, तिथे शाळेने आधीच छापून दिलं होतं, रुचा सुरेश पेठकर. जन्मभर! तिने तिथल्या तिथे ठरवलं. आईचं नाव यात घालायचं. सोमवारच्या आत.

*

बाबा रोज दुबईच्या जबल अलीहून शारजाला यायचे, म्हणजे रोज संध्याकाळी दोन तास रस्त्यावर असायचे. एका लॉजिस्टिक्स कंपनीच्या वेअरहाऊसचे ते मॅनेजर. घरी आले की पहिली दहा मिनिटं त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही असा नियम होता. रुचा चार मिनिटं थांबली.

"बाबा, माझ्या नावात आईचं नाव का नाही?"

"कारण तू पेठकर आहेस."

"आई पण पेठकर आहे ना आता. मग तिचं 'मृणालिनी' का नाही? किंवा तिचं आधीचं. विद्युल्लता मुजुमदार."

"अगं, असंच असतं. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. माझ्या नावात तरी कुठे आहे तुझी आजी?"

"तेच तर! तेही चूकच आहे!"

"रुचा, यार, आज शेख झायद रोडवर ट्रक उलटलाय. मला चहा पिऊ दे. खलास."

खलास म्हटलं की बाबांच्या बाजूने विषय संपलेला असायचा. रुचाच्या बाजूने तो नुसता गरम व्हायचा. तिने सरळ सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. जगन्नाथ आजोबांचं अर्धं कपाळ आणि पंखा एवढंच दिसत होतं.

"आजोबा, पेठकर आडनाव कुठून आलं?"

"पेठेतून," आजोबा म्हणाले.

"कुठल्या पेठेतून?"

"आता ते काय सांगायचं बाळा. कुणी म्हणतं इस्लामपूरजवळ पेठ गाव आहे, तिथून. माझे चुलते म्हणायचे पुण्याच्या कुठल्यातरी पेठेत आपलं दुकान होतं. दुकान कसलं ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. म्हणजे नसणारच."

"म्हणजे गावातून आला तो पेठकर. आजोबा, स्पेनमध्ये मेदिना आहेत ना, ते पण सेम! ते स्पेनचे पेठकर!"

"असतील, असतील. आपली माणसं सगळीकडे आहेत."

रुचा हसली. पण तिला जे हवं होतं ते अजून यायचं होतं. "आणि आईचं नाव लग्नात का बदललं? आडनाव ठीक आहे, पण पहिलं नाव पण का?"

"तशी पद्धत असते ना. ताटात तांदूळ पसरायचे, आणि अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. सुरेशने किती सुंदर अक्षरात लिहिलं होतं."

"पण विद्युल्लता काय वाईट होतं?"

आजोबा जरा घोटाळले. मागून आजीचा आवाज आला, स्वच्छ आणि ठाम. "अगं, विद्युल्लता म्हणजे वीज. घरात वीज कोण आणतं? मृणालिनी कसं शांत आहे."

रुचाने फोन ठेवला आणि उशीत तोंड घालून ओरडली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं गं?" तर रुचा म्हणाली, "नथिंग!" आणि हे तिचं त्या आठवड्यातलं सगळ्यात खोटं वाक्य होतं.

*

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेच्या ऑफिसात गेली. काउंटरवरच्या बाई समोसा खात होत्या. रुचाने फॉर्म पुढे केला आणि सांगितलं, की मधे 'विद्युल्लता' घालायचंय, रुचा विद्युल्लता सुरेश पेठकर, छापलेलं खोडून हाताने लिहिलं तर चालेल का.

"पासपोर्टमध्ये आहे का?"

"नाही."

"एमिरेट्स आयडीवर?"

"नाही, पण ती माझी आई आहे."

"बेटा, वह तो ठीक है," बाई म्हणाल्या, "लेकिन पासपोर्ट में जो है वही आएगा. पहले पासपोर्ट बदलो, फिर आयडी, फिर स्कूल का रिकॉर्ड, फिर यह फॉर्म." त्यांनी चारही कामं चार बोटांवर मोजली आणि पाचव्या बोटाने चटणी पुसली. "और मम्मी का नाम नीचे अलग कॉलम में है ना. देखो. मदर्स नेम."

रुचाने बघितलं. खाली होतं, मृणालिनी सुरेश पेठकर. आईच्या नावातही बाबाच बसले होते, दोनदा.

बाहेर जुलेखा उभी होती. "काय झालं?"

"काही होत नाही गं! जिथे जावं तिथे भिंत! घरी विचारलं तर 'असंच असतं', इथे विचारलं तर 'पासपोर्ट'. कुणाला एका प्रश्नाचं सरळ उत्तर देता येत नाही!"

"मग सोड ना. प्रोजेक्ट मेदिनावर आहे, तेवढं कर."

पण मेदिना तरी कुठे सरळ होतं! रात्रीच्या जेवणाआधी ती लॅपटॉप घेऊन बसली, तर एका वेबसाईटवर मेदिना म्हणजे मोठं सरदार घराणं, आणि त्याचं ढाल-सिंहाचं चिन्ह छापलेला कॉफी मग एकशेवीस दिरहमला. दुसरीवर त्याच आडनावाची वेगळीच ढाल, आणि कॉफी मग पंच्याऐंशीला. एक साईट म्हणत होती एकाच गावातून सगळे आले, तर दुसरी म्हणत होती स्पेनमध्ये मेदिना नावाची ढीगभर गावं आहेत, आणि प्रत्येक गावातून निघालेल्याला शेजारच्यांनी तेच नाव ठेवलं. म्हणजे दोन मेदिनांचं एकमेकांशी काही नातं असेलच असं नाही. स्पेनमधल्या पहिल्या शंभर आडनावांत ते येतं, मेक्सिको, कोलंबिया, पेरू सगळीकडे आहे, आणि फिलिपिन्समध्येही.

फिलिपिन्स! रुचाने लॅपटॉप बंद केला. आईच्या फार्मसीतल्या ग्लेन्डा आंटीच्या बिल्ल्यावर काय होतं? ग्लेन्डा मेदिना क्रूझ.

*

फार्मसी त्यांच्याच रस्त्यावर, अल नहदात, एका ज्यूसच्या दुकानाशेजारी. ग्लेन्डा आंटी तिथल्या फार्मासिस्ट. पांढरा कोट, औषधांचं काउंटर. रुचाची आई कॅश काउंटरवर, निळा टी-शर्ट. आईने बी. फार्म. केलंय हे रुचाला लहानपणापासून माहीत होतं. 'लायसन नाही' हेही माहीत होतं. लायसन का नाही, हे तिने कधी विचारलं नव्हतं. काही मुलांच्या बाबांना गाडी चालवता येत नाही, तसंच काहीतरी असेल असं तिला वाटायचं.

बुधवारी शाळेतून ती थेट तिथे गेली.

"मेदिना?" ग्लेन्डा आंटी हसली. "ते माझ्या वडिलांचं. लग्नाआधी मी ग्लेन्डा रेयेस मेदिना होते. रेयेस आईचं, ते मधे. लग्न झालं, नवऱ्याचं क्रूझ शेवटी आलं, आणि मेदिना मधे सरकलं."

"म्हणजे आईचं गेलं?"

"हो, तेवढं गेलं. पण माझं राहिलं ना. कॉलेजात मेदिना, बिल्ल्यावर मेदिना. सगळ्यांना कळतं ही तीच."

"आणि तुमच्याकडे स्पॅनिश नावं कशी काय?"

"स्पेनचा गव्हर्नर होता, पावणेदोनशे वर्षांपूर्वी. त्याने आडनावांची यादीच काढली आणि वाटून टाकली. घ्या, हे तुमचं, हे तुमचं. माझ्या आजीच्या गावात निम्मे लोक एमवाले. मार्तिनेझ, मेंडोझा, मेदिना. आमचे कुणी पूर्वज कधी स्पेनला गेले नाहीत, हनी. आमचं गाव समुद्रात आहे."

रुचा भराभर फोनवर टाइप करत होती. लाखो मेदिना, आणि अर्ध्यांना ते नुसतं वाटलेलं! तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ दोन पाकिटं घेऊन कॅशवर आले. गुजराती असावेत. हिंदीत म्हणाले, "बहनजी, यह दोनों साथ में ले सकते हैं क्या? बीपी की भी चालू है."

आईने पाकिटांकडे पाहिलं. रुचा आईच्या तोंडाकडे पाहत होती. आईला उत्तर माहीत होतं. हे रुचाला शपथेवर सांगता आलं असतं, कारण घरी ताप आला की आई ज्या चेहऱ्याने पाकीट उलटं करून वाचायची, तोच चेहरा आत्ता होता. आईचे ओठ हललेसुद्धा.

मग ती म्हणाली, "अंकल, फार्मासिस्ट से पूछिए. वहाँ, उस काउंटर पे."

अंकल पाय ओढत तिकडे गेले. ग्लेन्डा आंटी फोनवर होती. ते उभे राहिले. आई बिलाचा कागद सरळ करत राहिली.

"आई, तुला माहितीये ना?" रुचा फुसफुसली. "सांग ना त्यांना!"

"मला सांगता येत नाही."

"का?"

"कारण मी कॅशवर आहे."

"पण तू फार्मासिस्ट आहेस!"

"रुचा, हळू. इथे नाही."

ग्लेन्डा आंटीने फोन ठेवला, अंकलना समजावलं, एक पाकीट बदलून दिलं. मग आईकडे बघून म्हणाली, "लिनी, तू इकडे असायला हवीस, मी सुट्टीवर जाऊ शकले असते." ती गमतीने म्हणाली. आई गमतीने हसली. रुचाला दोघींचाही राग आला.

*

घरी जाताना लिफ्टमध्ये तिने विचारलंच.

"लायसन का नाही तुला?"

"डिग्रीवर विद्युल्लता श्रीनाथ मुजुमदार आहे," आई म्हणाली. "पासपोर्टवर मृणालिनी सुरेश पेठकर. त्यांना एकच बाई हवी, आणि माझ्या कागदांवर दोन आहेत."

"पण लग्नाचं सर्टिफिकेट?"

"त्यात लग्नाआधीचं नाव आहे. नवं पहिलं नाव त्यात नाही. ते तांदळात लिहिलं होतं." आईने किल्ली काढली. "विद्यापीठात अर्ज करायचा, राजपत्रात छापून आणायचं, मग सगळ्यावर शिक्के. आपण इथे आलो तेव्हा तू आठ महिन्यांची होतीस. मग राहिलं."

"सो अनफेअर! आई, म्हणूनच! म्हणूनच मी तुझं नाव माझ्या नावात घालणार आहे. मी ऑफिसात विचारलं, आधी पासपोर्ट बदलायचा, मग आयडी, मग—"

"नाही."

आईचा आवाज इतका वेगळा होता की रुचा बूट काढता काढता थांबली.

"मला विचारलंस का तू? घालायचं का म्हणून?"

"पण तुझ्यासाठीच तर—"

"माझ्यासाठी? उद्या तुझ्या पासपोर्टवर एक, दहावीवर दुसरं, जन्माच्या दाखल्यावर तिसरं. मग कॉलेजच्या काउंटरवर तू सांगत बसशील, ही पण मीच, ती पण मीच. मी दीड वर्ष सांगितलंय ते. अर्ध्या खिडक्यांवर रडलेय. माझ्याबद्दल वाईट वाटतंय म्हणून मला फोटोसारखं नावात लावून ठेवू नकोस. त्याने मला औषधाचं एक पाकीटसुद्धा देता येणार नाही."

मग आई आत गेली आणि कुकर लावला. जरा जास्तच जोरात.

रुचा दारातच उभी राहिली. संताप आला होता, पण आता तो नक्की कुणावर काढायचा हेच कळेना. आजीवर? बाबांच्या सुंदर अक्षरावर? की स्वतःवरच? आठवडाभर ती सगळ्या जगाला प्रश्न विचारत फिरली, आणि ज्या एका माणसाचं नाव मागत होती तिला सोडून.

*

गुरुवारी ती वर्गासमोर उभी राहिली आणि बोलली. चांगली बोलली. मेदिना म्हणजे गाव, पेठकर म्हणजे गाव, स्पेनच्या मेदिना मिस आणि सांगलीचे तिचे आजोबा म्हणजे एका अर्थी शेजारी. नंतर तिने दोन कॉफी मगांचे फोटो दाखवले, एकाच आडनावाच्या दोन वेगळ्या ढालींचे. वर्ग हसला. फिलिपिन्समधली वाटलेली नावं सांगितल्यावर फुटबॉलवाली पोरंसुद्धा ऐकायला लागली.

"आणि आईचं?" मिसनी विचारलं.

"मुजुमदार. अर्धं अरबीतून आलंय, अर्धं फारसीतून. जमाखर्चाची नोंद ठेवणारा. पूर्वी तो मोठा हुद्दा होता." तिचे अरबीचे सर म्हणाले होते, 'मजमू' म्हणजे बेरीज. "पुण्यात आहेत, मिरजेत आहेत, बंगालमध्येसुद्धा आहेत, थोड्या वेगळ्या उच्चाराने. आमच्या घरात एकही नाही."

टाळ्या पडल्या. मिसनी ए-प्लस दिला. "ब्राव्हो, सेन्योरिता पेठकर मुजुमदार!" असंही म्हणाल्या, प्रेमानेच. रुचाला त्या ए-प्लसचा इतका राग आला की तिने तो कागद घडी न करताच दप्तरात कोंबला. उत्तम बोललं म्हणून कुठली गोष्ट जागची हलत नाही, हे डिबेटमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

"काय गं, जिंकलीस तरी थोबाड का असं?" जुलेखाने विचारलं.

"जिंकले कुठे? काहीच झालं नाही अजून."

"यल्ला, चल, चॉकलेट घे. पैज आम्ही दोघीही हरलोय."

रुचाने चॉकलेट घेतलं. खाल्लं पण. पण काही झालं नव्हतं ते नव्हतंच.

*

त्या संध्याकाळी बाबा नेहमीपेक्षा लवकर आले आणि खुशीत होते. रजा मंजूर झाली होती. जेवताना त्यांनी मोबाईलवर कॅलेंडर उघडलं आणि दरवर्षीसारखा जुलै वाटायला सुरुवात केली.

"पाच तारखेला निघायचं. सांगलीला पहिले दहा-बारा दिवस. मग सुजीतच्या घराची वास्तुशांत. मग कुलदैवताला जायचं. मग आत्याकडे नाशिकला. मग अथर्वची मुंज, ती कुणी चुकवायची नाही. मग मिरजेला, आईच्या माहेरी दोन दिवस, जमलं तर."

"सांगलीहून मिरज दहा किलोमीटर आहे बाबा," रुचा म्हणाली.

"म्हणून तर. जवळच आहे, कधीही जाता येतं."

"मग कधी जातो?"

आई भाजी वाढत होती. तिने वर पाहिलं नाही.

"आणि कोल्हापूर कुठे आहे यात?" रुचाने विचारलं. "विद्यापीठ? आईच्या नावाचं काम?"

बाबांनी आधी आईकडे पाहिलं, मग रुचाकडे. "ते मोठं काम आहे गं. सुट्टीत ऑफिसं, रांगा... मी पण नेहमी म्हणतो, पुढच्या जुलैत निवांत करू. इन्शाल्ला."

"किती जुलै झाले, आई?"

"रुचा," आई म्हणाली.

"नाही, सांग ना. मी आठ महिन्यांची होते. आता पंधराची झाले. दर जुलैत सगळ्यांकडे जेवलो आपण. सगळ्यांची वास्तुशांत झाली, सगळ्यांच्या मुंजी झाल्या. आईचं एक काम, तेवढंच कधी कॅलेंडरमध्ये बसत नाही!"

"अगं, पण आता एवढी वर्षं गॅप पडलीये," बाबा म्हणाले. ते चिडले नव्हते, त्यांना खरंच वाटत होतं. "नाव एक झालं तरी पुढे परीक्षा, ट्रेनिंग. इतकं करून नाही मिळालं लायसन तर? तिलाच त्रास होईल."

"आत्ता होत नाहीये का?"

बाबांनी पोळीचा तुकडा भाजीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं, की अंगठी हातात घेऊन तांदळासमोर बसलेला एक पोरगेला मुलगा रुचाला क्षणभर दिसला. त्याला वाटलं असेल, आपण काहीतरी छान लिहितोय. तिला त्यांचा राग राहिला, पण ओरडावंसं वाटेना.

तिने दप्तरातून फॉर्म काढला आणि ताटाशेजारी ठेवला. पेनही ठेवलं.

"बाबा, आधी इथे सही करा. नाव आहे तसंच जाऊ दे."

आईने आता वर पाहिलं.

"मी काही घालणार नाहीये त्यात," रुचा म्हणाली. "आई, तुला न विचारता मी ठरवलं होतं. सॉरी. आता विचारते. तुला पाहिजे का लायसन? अजून?"

आईने वाडगा खाली ठेवला. टेबलावरचा एक शिंतोडा बोटाने पुसला.

"मूळ सर्टिफिकेटं मिरजेला आहेत," ती शेवटी म्हणाली. "दादाच्या कपाटात. मार्कशीटही सगळ्या तिथेच." आणि मग बाबांकडे न बघता, "रजेचं मी दुकानात बोलले तर जूनच्या शेवटी सोडतील. ग्लेन्डाची सुट्टी ऑगस्टमध्ये आहे."

"अगं विद... मृणाल, पण तिकिटं तिघांची एकत्र—" बाबा म्हणाले, आणि स्वतःच थांबले.

रुचाने खुर्ची मागे सरकवली. डिबेटला उभी राहते तशीच उभी राहिली, फक्त यावेळी समोर परीक्षक नव्हते.

"तिकिटं एकत्र नाही काढायची, बाबा. माझी शाळा सुटली की त्याच शनिवारी मी आणि आई निघतोय. दोघीच. आधी मिरज, मग कोल्हापूर, आणि जोपर्यंत तिथलं काम होत नाही तोपर्यंत आम्ही कुणाच्याही वास्तुशांतीला, मुंजीला, कुठेही येणार नाही. तुम्ही पाच तारखेला या आणि थेट विद्यापीठातच या, कारण आम्ही रांगेत असू. मला परवानगी नकोय, मी फक्त सांगतेय."